कालनिर्देश आणि इतिहासलेखन : बाळापूरच्या तीन नोंदींच्या निमित्ताने

१

मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर वसलेले बाळापूर हे वऱ्हाडातील जुन्या गावांपैकी एक होय. अकबराच्या राज्यव्यवस्थेचे वर्णन करणाऱ्या ‘आइन-ए-अकबरी’त त्याचा परगणा म्हणून उल्लेख आहे. मोगल अमलात ते लष्करी ठाणे होते. पुढे निजाम आणि नागपूरकर भोसले यांच्या दुहेरी अमलाच्या काळातही त्याचे महत्त्व टिकून राहिले. दोन नद्यांच्या बेचक्यात उंचवट्यावर बांधलेला विटांचा भुईकोट, नदीकाठची छत्री आणि १७२० साली या परिसरात झालेली लढाई या तीन गोष्टींमुळे बाळापूरचे नाव इतिहासाच्या ग्रंथांत वारंवार येते. या तीनही गोष्टींच्या बाबतीत अभ्यासकाची पहिली अडचण काळाची आहे. ती अडचण कोणत्या प्रकारची आहे आणि तिच्यातून लेखनव्यवहाराविषयी कोणता बोध घ्यावयाचा, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

प्रथम किल्ल्याची नोंद पाहू. बाळापूरविषयी अलीकडे जी माहिती सर्वत्र वाचावयास मिळते, तिच्यात एक विधान जवळजवळ एकाच शब्दयोजनेने आढळते. औरंगजेबाचा पुत्र आझमशाह याने १७२१ साली या किल्ल्याच्या बांधकामास प्रारंभ केला आणि एलिचपूरचा नवाब इस्माईलखान याने १७५७ साली ते पूर्ण केले, असे ते विधान आहे. वरवर पाहता विधान नीटस आहे. दोन नावे आहेत, दोन साले आहेत, प्रारंभ आहे आणि समाप्तीही आहे. परंतु औरंगजेबाच्या मृत्यूनंतर वारशासाठी जे युद्ध झाले, त्यात आग्र्यानजीक जाजऊ येथे जून १७०७ मध्ये आझमशाह मारला गेला. जो मनुष्य १७०७ साली मरण पावला, त्याने १७२१ साली किल्ल्याचा पाया घातला असणे संभवत नाही.

या विधानाचा उत्तरार्ध तुलनेने भक्कम आहे. इस्माईलखान व १७५७ हे साल यांचा आधार किल्ल्याच्या दरवाज्यावरील शिलालेख हा असून, इंग्रजी अमलातील गॅझेटियरकारांनी त्या लेखाचा हवाला दिलेला आहे. पूर्वार्धाच्या मागे असा लेख दाखविला जात नाही. मग तीन शक्यता उरतात. नाव चुकले असेल, साल चुकले असेल, किंवा क्रियापद चुकले असेल. आझमशाहाचे येथे कधी वास्तव्य असणे किंवा त्याने काही जुने, कच्चे बांधकाम केले असणे अशक्य नाही. पण तसे असल्यास ते १७०७ पूर्वीचे ठरते, आणि मग आजच्या विटांच्या कोटाशी त्याचा संबंध जोडता येत नाही. उलटपक्षी १७२१ हे साल खरे धरल्यास बांधणारा दुसरा कोणी शोधावा लागतो, कारण त्या वेळी बाळापूरची लढाई होऊन वर्षही उलटले नव्हते किंवा नुकतेच उलटले होते, आणि दक्षिणेचा कारभार निजामुल्मुल्काच्या हाती होता.

यांपैकी कोणती शक्यता खरी, हे ठरविण्याचा सरळ मार्ग एकच. ‘आझमशाह, १७२१’ ही जोडी प्रथम कोणी व केव्हा लिहिली, ते पाहावयाचे. त्या मूळ स्थळी कोणता आधार दिला आहे, ते तपासावयाचे. नेमका हाच मार्ग बंद झाला आहे. कारण हे विधान करणाऱ्या लेखांपैकी पुष्कळांवर लेखनाची वा प्रकाशनाची तारीख नाही. कोणी कोणाचे घेतले, आधीचे कोणते व नंतरचे कोणते, हे सांगता येत नाही. दहा ठिकाणी एकच विधान दिसते आणि दहा साक्षीदार असल्याचा भास होतो. वस्तुतः साक्षीदार एकच असून बाकीचे नऊ त्याचे प्रतिध्वनी असू शकतात. पण मूळ आवाज कोणता, हे ओळखण्याची खूणच पुसली गेलेली आहे.

२

दुसरी नोंद छत्रीची. बाळापूरची छत्री राजा जयसिंगाची म्हणून प्रसिद्ध असून परंपरा ती मिर्झा राजे जयसिंग यांच्याशी जोडते. पुरंदरच्या तहामुळे मिर्झा राजांचे नाव मराठी वाचकास परिचित आहे. दक्षिणेची मोहीम आटोपून परत जात असता ते १६६७ साली बऱ्हाणपूर येथे मरण पावले. परंतु आंबेरच्या गादीवर त्याच नावाचा दुसरा राजा होऊन गेला. जयपूर शहर वसविणारा सवाई जयसिंग (१६८८-१७४३) हाही तरुणपणी औरंगजेबाच्या दक्षिणेतील फौजेत होता आणि १७०२ च्या खेळण्याच्या, म्हणजे विशाळगडाच्या, वेढ्यात त्याने भाग घेतला होता. म्हणून केवळ ‘राजा जयसिंगाची छत्री’ असे लिहून थांबणाऱ्या लेखकाने वास्तूचा काळ सांगितला असे होत नाही. त्याने सुमारे चाळीस वर्षांच्या अंतराने दक्षिणेत आलेल्या दोन व्यक्तींपैकी एकीची निवड वाचकावर सोपविली, इतकेच. नाव ही खूण असली तरी काळावाचून ती अपुरी असते, हे या उदाहरणावरून ध्यानात येईल.

तिसरी नोंद लढाईची, आणि ती या दृष्टीने सर्वांत बोधप्रद आहे. सय्यद बंधूंचा पुतण्या आलमअलीखान आणि निजामुल्मुल्क यांच्यात ही लढाई झाली. आलमअलीच्या बाजूने मराठ्यांची फौज होती. या लढाईत शंकराजी मल्हार जखमी होऊन शत्रूच्या हाती लागला, तर दमाजी गायकवाडाने पराक्रम गाजविला. आलमअली मारला गेला आणि दक्षिणेत निजामाचे आसन स्थिर झाले. प्रसंग एक, स्थळ एक. पण त्या दिवसाचे साल काय, असे विचारल्यास तत्कालीन दक्षिणेत निदान सात उत्तरे मिळाली असती.

फारसी तवारीख लिहिणारा हिजरी ११३२ म्हणेल. दक्षिणी फसलीने ते ११३० होते. मराठी दफ्तरातला कारकून सुहूर सन ११२१ धरील आणि ते आकड्यात न लिहिता ‘इहिदे अशरीन मया व अलफ’ असे शब्दांत लिहील. गावचा जोशी शालिवाहन शके १६४२, शार्वरीनाम संवत्सर सांगेल. सातारच्या छत्रपतींच्या चिटणिसाकडे राज्याभिषेक शक ४७ असेल. उत्तरेकडील सावकाराच्या वहीत चैत्रादी गणनेने विक्रम संवत १७७७ येईल, तर गुजराती सावकाराच्या वहीत कार्तिकादी गणनेने १७७६. सुरत किंवा मुंबईच्या कोठीतील इंग्रज १७२० लिहील, आणि तरीही दिवसाबाबत त्याचे व पाँडिचेरीच्या फ्रेंचाचे जमणार नाही. कारण इंग्रजांनी सुधारलेले पंचांग १७५२ पर्यंत स्वीकारले नव्हते आणि तोवर त्यांची तारीख अकरा दिवस मागे राहिली होती. ही लढाई आता १० ऑगस्ट १७२० या तारखेने रूढ आहे. इंग्रजांच्या जुन्या गणनेने ती जुलैच्या अखेरीस पडते.

हा फरक केवळ पंचांगातला नाही. बाळाजी विश्वनाथ पेशव्याच्या मृत्यूची तारीख काही ग्रंथांत २ एप्रिल १७२० आणि काहींत १२ एप्रिल १७२० अशी आढळते, याचे मूळ याच जुन्या-नव्या गणनेत आहे. दोन्ही तारखा आपापल्या गणनेने पाहिल्यास त्यांच्यात वस्तुतः विरोध नाही, कारण अकरा दिवसांच्या फरकात एखाददुसरा दिवस तिथी-तारखेच्या मेळात इकडेतिकडे होतोच. पण गणना कोणती, हे न सांगता त्या शेजारीशेजारी मांडल्या की विरोध उत्पन्न होतो, आणि विद्यार्थी एकास बरोबर व दुसऱ्यास चूक ठरवून मोकळा होतो. यावरून कालनिर्देशाचा पहिला नियम निघतो. आकडा पुरेसा नसतो. तो कोणत्या गणनेतील, हेही सांगावे लागते. फसली व सुहूर यांच्यात नऊ वर्षांचे अंतर आहे. नुसता ‘सन ११३०’ असा आकडा फसली समजल्यास १७२० येतो आणि सुहूर समजल्यास १७२९. पहिल्या सालात बाजीराव नुकताच पेशवा झालेला आहे; दुसऱ्यात पालखेडची लढाई होऊन गेलेली आहे. इतिहासाचा सगळा संदर्भच पालटतो.

३

मराठी कागदपत्रांतील कालनिर्देशाची भाषा हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. त्यातील काही विशेष येथे पाहणे आवश्यक आहे, कारण आजचा प्रश्न त्यांच्या उजेडात अधिक स्पष्ट होतो.

सुहूर सनाचा प्रारंभ महंमद तुघलकाच्या काळात, १३४४ च्या सुमारास झाला, असे त्याच्या व हिजरी सनाच्या मेळावरून दिसते. हिजरी वर्ष चांद्र असल्याने ते ऋतूंशी जुळत नाही, आणि शेतसारा तर पिकावर अवलंबून. म्हणून मृग नक्षत्रापासून सुरू होणारे हे सौर वर्ष दक्षिणेत चालू झाले. त्याची नावे अरबी संख्यावाचकांची आहेत : इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सित, सबा, समान, तिसा, पुढे अशर, अशरीन, सलासीन, शंभराला मया आणि हजाराला अलफ. अरबीचा गंध नसलेल्या कुळकर्ण्यांच्या पिढ्यानपिढ्यांनी ही नावे बिनचूक लिहिली, यावरून कालनिर्देश हा लेखनाचा किती अपरिहार्य भाग मानला जात होता, हे दिसून येते. सनदा, वतनपत्रे, महजर यांत साल पूर्ण लिहीत. शब्दांत लिहिलेल्या सालात फेरफार करणे आकड्याइतके सोपे नसते, हाही त्यातला एक लाभ होता.

खाजगी व राजकीय पत्रांची गोष्ट निराळी होती. त्यांत बहुधा ‘छ’ हे अक्षर, चांद्र तारीख आणि मुसलमानी महिना इतकेच असे. ‘छ’ हे ‘चंद्र’ या शब्दाचे संक्षिप्त रूप मानले जाते. शव्वालचे सवाल, रबी-उल-अव्वलचे रबिलावल, जिल्हिज्जाचे जिल्हेज, अशी महिन्यांची नावे मराठी वळणाने लिहिली जात. वर्ष मात्र पुष्कळदा गाळले जाई. लिहिणाऱ्यास ते ठाऊक होते, वाचणाऱ्यासही ठाऊक होते. जासूद आठ-पंधरा दिवसांत पत्र पोचविणार होता. मग वर्ष कशास लिहावयाचे? या व्यवहारात चूक काहीच नव्हती. चूक झाली ती काळाच्या ओघात. पत्र ज्याच्यासाठी लिहिले होते तो वाचक गेला आणि दीडशे वर्षांनी दुसराच वाचक आला. त्याच्यापाशी ‘छ ६ सवाल’ एवढाच मजकूर होता.

या अर्धवट तारखांनी मराठी संशोधकांच्या दोन पिढ्यांचे श्रम खाल्ले. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला, तेव्हापासून पत्रांची सालवारी लावणे हे संपादकाचे मुख्य कर्तव्य होऊन बसले. वासुदेवशास्त्री खरे यांना पटवर्धनी दफ्तरात हेच करावे लागले. गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात बाहेर पडले. त्यांतही असंख्य पत्रांवरील इसवी सन संपादकांनी अनुमानाने घातलेला आहे. अशा अनुमानावर उभारलेली घटनाक्रमाची इमारत एका पत्राचे साल बदलताच डळमळते.

अनुमान कसे केले जाते, हे बाळापूरच्याच उदाहरणाने सांगता येईल. समजा, एखाद्या पत्रावर ‘छ ६ सवाल’ एवढाच काळ आहे आणि मजकुरात चिखल, नद्यांचे पूर व दाणावैरणीची महागाई यांचे उल्लेख आहेत. हिजरी महिने दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकतात. १७२० साली सवाल महिना श्रावणात आला होता. १७३७ साली तो माघ-फाल्गुनाच्या सुमारास आला. म्हणजे पावसाच्या उल्लेखावरून पुष्कळ वर्षे बाद होतात. तरीही सुमारे ३२ वर्षांनी तोच महिना पुन्हा पावसाळ्यात येतो. १७५२ सालीही सवाल श्रावण-भाद्रपदात होता. मग व्यक्तिनामे पाहावी लागतात, हस्ताक्षर पाहावे लागते, स्थलनामे पाहावी लागतात. निजामाने १७२४ च्या विजयानंतर साखरखेर्ड्याचे नाव फत्तेखेर्डा ठेवले. तेव्हा पत्रात ‘फत्तेखेर्डा’ आल्यास ते त्या सालापूर्वीचे नव्हे, इतके निश्चित होते. ही सारी यातायात दोन शब्दांसाठी. लिहिणाऱ्याने ‘इहिदे अशरीन’ एवढे लिहिले असते तर संशोधकाचा महिना वाचला असता.

जुन्या लेखनव्यवहारातील आणखी एक प्रथा उल्लेखनीय आहे. पत्र पोचल्यावर त्याच्या पाठीवर वा माथ्यावर ‘पैवस्ती’ची तारीख लिहीत. म्हणजे एकाच कागदावर दोन काळ असत : लिहिल्याचा आणि पोचल्याचा. या दोहोंतील अंतरावरून डाकेचा वेग तर कळतोच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे एखादा निर्णय घेताना पेशव्यांना कोणती बातमी माहीत होती आणि कोणती नव्हती, हे ठरविता येते. घटना केव्हा घडली, ती केव्हा लिहिली गेली आणि केव्हा वाचली गेली, हे तीन स्वतंत्र प्रश्न आहेत, याची स्पष्ट जाणीव या प्रथेत दिसते.

४

भाषाशास्त्राच्या दृष्टीने कालनिर्देशाची आवश्यकता अधिक मूलभूत आहे. प्रत्येक भाषेत काही शब्द असे असतात की त्यांचा अर्थ बोलणारा, स्थळ आणि क्षण यांवाचून पुरा होत नाही. ‘मी’, ‘तू’, ‘येथे’, ‘तेथे’ हे जसे तसेच ‘आज’, ‘काल’, ‘हल्ली’, ‘सध्या’, ‘अलीकडे’, ‘गेल्या वर्षी’, ‘लवकरच’ हेही निर्देशक शब्द होत. समोरासमोरच्या बोलण्यात तो क्षण दोघांनाही प्रत्यक्ष असतो. लेखनात तो नाहीसा होतो आणि त्याची भरपाई मिती करते. यास्तव मिती ही लेखाच्या माथ्यावरची शोभा नसून मजकुराच्या व्याकरणाचाच भाग आहे. मितीवाचून ‘हल्ली’ हा शब्द नामावाचून सर्वनामासारखा लोंबकळत राहतो.

याचे उदाहरण बाळापूर ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्याच्या नावातच मिळते. ‘अकोला जिल्ह्यात हल्ली अमुक तालुके आहेत’ या वाक्याचा अर्थ काय? हे वाक्य १८९० साली लिहिलेले असल्यास त्या जिल्ह्यात खामगाव व जळगाव हे तालुके होते आणि वाशीम नव्हते. वाशीम हा तेव्हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ च्या फेररचनेत वाशीम जिल्हा मोडला, त्यातील वाशीम व मंगरूळ अकोल्यास आले आणि खामगाव, जळगाव हे बुलढाण्यास गेले. तेव्हा १९१० च्या अकोला गॅझेटियरमधील ‘अकोला जिल्हा’ हा १८७० च्या लायलकृत वऱ्हाड गॅझेटियरमधील जिल्ह्याहून निराळा आहे. १९९८ साली वाशीम पुन्हा वेगळा जिल्हा झाला, आणि आजचा अकोला जिल्हा त्या दोहोंहूनही निराळा आहे. राज्याचेही तसेच. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या व्यवस्थेत गेले, १९०२ साली कायमच्या पट्ट्याने मिळाले, १९०३ पासून मध्यप्रांताशी जोडले गेले, १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आले. ‘आपल्या प्रांतात’ असे लिहिणारा वऱ्हाडी लेखक कोणत्या प्रांताविषयी बोलत आहे, हे त्याच्या लेखाची तारीखच सांगू शकते.

गॅझेटियरांतील लोकसंख्या, बाजार, उद्योग, शाळा यांविषयीची वाक्ये वर्तमानकाळात आहेत. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर साल असल्याने तेथे घोटाळा होत नाही. परंतु तेच वाक्य उचलून तारीख नसलेल्या लेखात घातले की शंभर वर्षांपूर्वीचा वर्तमानकाळ आजचा होऊन बसतो. वाक्यातला एकही शब्द बदललेला नसतो, आणि वाक्य खोटे झालेले असते. असत्याचा हा प्रकार विशेष लक्षात घेण्याजोगा आहे, कारण येथे लबाडी कोणाचीच नसते.

भाषेच्या इतिहासाचा तर सारा डोलारा दिनांकित लेखांवर उभा आहे. मराठीच्या आद्य लेखाचा वाद घ्या. श्रवणबेळगोळच्या प्रसिद्ध लेखात काळ दिलेला नाही. चामुंडराय व गंगराज या नावांवरून त्याच्या दोन ओळींचे दोन काळ ठरविले जातात. अक्षी येथील शिलालेखात काळ आहे, पण त्याच्या वाचनाविषयी मतभेद आहे. शं. गो. तुळपुळे यांनी तो शके ९३४ असा वाचला. इतरांनी तो पुष्कळ अलीकडचा मानला. हत्तरसंग कुडल येथील लेखात शके ९४० हे साल आहे. मराठीच्या लिखित आयुष्यात सहा वर्षांची, की दोनशे वर्षांची भर पडते, हे दोन-तीन अक्षरांच्या वाचनावर अवलंबून आहे. ‘विवेकसिंधू’तील शके १११० हा कालनिर्देश अनेक अभ्यासकांनी मागाहून घातलेला मानला, कारण ग्रंथाची उपलब्ध भाषा त्या काळाशी जुळत नाही. याउलट ‘ज्ञानेश्वरी’च्या अखेरीस शके १२१२ नोंदलेला असल्याने तेराव्या शतकातील मराठीच्या अभ्यासास एक स्थिर बिंदू मिळाला.

येथे तर्कशास्त्रातील अन्योन्याश्रयाचा दोष संभवतो. भाषेच्या रूपावरून ग्रंथाचा काळ ठरवावयाचा आणि त्याच ग्रंथावरून त्या काळच्या भाषेचे रूप ठरवावयाचे, असे झाल्यास अभ्यासक जागच्या जागी फिरत राहतो. या चक्रातून बाहेर पडण्यास बाहेरचा एक खुंटा लागतो. तो म्हणजे लेखकाने स्वतः दिलेली मिती. राजवाडे यांनी निरनिराळ्या सालांची पत्रे घेऊन त्यांतील फारसी शब्दांचे प्रमाण मोजले आणि शिवकालानंतर ते कसे घटत गेले, हे दाखविले. त्या मोजणीच्या मर्यादा दाखविता येतील, पण ती करता आली हेच महत्त्वाचे; आणि ती करता आली, याचे कारण त्या पत्रांना साल होते. आज लिहिल्या जाणाऱ्या मराठीचा असा अभ्यास शंभर वर्षांनी कोणास करावयाचा असेल, तर त्यास बिनतारखेचे लेख कितीही विपुल मिळाले तरी निरुपयोगी ठरतील.

५

मुद्रणाच्या आगमनाबरोबर कालनिर्देश काही अंशी आपोआप होऊ लागला. बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ रोजी निघाला, हे आज निःशंकपणे सांगता येते, कारण नियतकालिकाचे स्वरूपच तारखेवर आधारलेले आहे. पुस्तकांविषयी मात्र कायदा वाटतो तितका कडक नव्हता. १८६७ च्या २५ व्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव आणि ठिकाण छापणे आवश्यक केले. साल छापण्याची सक्ती त्या कलमात नव्हती. परंतु त्याच कायद्याने सरकारी नोंदवहीत पुस्तक छापखान्यातून बाहेर पडल्याची तारीख लिहिणे बंधनकारक केले. म्हणून एकोणिसाव्या शतकातील एखाद्या पुस्तकावर साल नसले तरी त्रैमासिक सूचीतून ते शोधता येते. वृत्तपत्रांच्या प्रत्येक प्रतीवर प्रकाशनाची तारीख असली पाहिजे, अशी तरतूदही पुढे या कायद्यात आली. २०२३ च्या नव्या कायद्याने त्याची जागा घेतली; तो १ मार्च २०२४ पासून अमलात आला असून त्यात पुस्तकांचा अंतर्भाव नाही.

आज लेखनाचा फार मोठा भाग कागदावर न उतरता संगणकाच्या पडद्यावर प्रकाशित होतो. त्यास अंक नाही, मुखपृष्ठ नाही, छापखान्याची नोंदवही नाही. जुन्या कागदास निदान वय असे. तो पिवळा पडे, शाई फिकी होई, अक्षराचे वळण बोले. पडद्यावरील वीस वर्षांपूर्वीचा लेख आणि कालचा लेख सारख्याच अक्षरांत, सारख्याच तेजाने समोर येतात. बाह्य पुरावा मुळीच शिल्लक राहत नाही. म्हणून ‘छ ६ सवाल’ लिहिणाऱ्या कारकुनापेक्षा आजच्या लेखकावर जबाबदारी अधिक आहे.

याविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, तारीख दिसताच वाचक लेखास शिळा समजून टाकून देतो. वस्तुतः पुष्कळ लेखांतील ज्ञान काळाने जुने होत नाही. या आक्षेपात तथ्यांश आहे. परंतु ज्ञान जुने झाले की नाही, हा निवाडा करण्याचा अधिकार वाचकाचा आहे, आणि तारीख लपविणे म्हणजे तो अधिकार काढून घेणे होय. शिवाय जुनेपणा हा नेहमी दोष नसतो. शिलालेख प्रत्यक्ष पाहून एखाद्याने १८७० साली लिहिलेले वाक्य, तो लेख झिजल्यानंतर लिहिलेल्या वाक्याहून अधिक मोलाचे असू शकते. तारीख नसल्यास हे मोलही हरपते.

दुसरा आक्षेप असा की, तारीख दिली तरी ती खरी असेलच असे नाही. हेही इतिहासाच्या अभ्यासकास नवे नाही. बनावट ताम्रपटांवरही तारखा असतात, जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली अशा बनावट लेखांची यादीच प्रसिद्ध केली होती. परंतु बनावटपणा बहुधा उघडकीस आला तो त्या तारखेमुळेच. भारतीय मितीत शक, संवत्सर, मास, पक्ष, तिथी आणि वार इतकी अंगे असतात. स्वामिकन्नू पिल्ले यांच्यासारख्यांच्या कोष्टकांनी ती ताडून पाहता येतात, आणि तिथीशी वार न जुळल्यास लेखाविषयी संशय उत्पन्न होतो. खोटी तारीख तपासता येते. नसलेली तारीख तपासता येत नाही. शिवजन्माच्या तिथीचा वाद याची साक्ष देईल. शके १५४९ आणि शके १५५१ हे दोन पक्ष दीर्घकाळ झुंजले. १९१६ साली जेधे शकावली प्रसिद्ध झाल्यावर फाल्गुन वद्य ३, शके १५५१ या पक्षास बळ मिळाले. दोन्ही पक्षांपाशी मिती होत्या, म्हणून वाद होऊ शकला आणि म्हणूनच तो निकालाकडे जाऊ शकला.

जुन्या दफ्तराच्या व्यवहारावरून आजच्या लेखकास व प्रकाशकास चार गोष्टी घेता येतील. लेख प्रथम केव्हा प्रसिद्ध झाला, ती तारीख दिवस, मास व वर्ष यांसह असावी. मागाहून दुरुस्ती केल्यास तिची तारीख स्वतंत्र द्यावी. पैवस्तीने मूळ मिती कधी पुसली जात नसे, तशी दुरुस्तीच्या तारखेनेही पहिली तारीख पुसली जाऊ नये. ‘हल्ली’, ‘सध्या’ या शब्दांच्या जागी शक्य तेथे साल घालावे. आणि दुसऱ्याचे विधान घेताना ते कोणत्या सालच्या लेखनातून घेतले, हे मजकुरातच सांगावे. विद्यार्थ्यांनीही प्रबंधात बिनतारखेच्या लेखाचा आधार घेताना, तो लेख आपण कोणत्या दिवशी वाचला, हे नोंदविणे उचित होय. ती त्या लेखाची पैवस्तीच ठरेल.

बाळापूरच्या किल्ल्याचा प्रश्न यानंतरही शिल्लक राहतो. इस्माईलखानाचा लेख हाच त्या वास्तूच्या काळाचा निश्चित पुरावा आहे, आणि तोही समाप्तीचा. १७५७ या इसवी सनात हिजरी ११७० व ११७१ ही दोन वर्षे येतात आणि त्यांची सीमा सप्टेंबरच्या मध्यास पडते, हेही हिशेब करताना विसरता येत नाही. आझमशाहाच्या नावाने चाललेले १७२१ हे साल आधार मिळेपर्यंत ग्रंथांतून वगळणे, निदान त्यापुढे प्रश्नचिन्ह लावणे, हे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते. दरवाज्यावर लेख कोरविणाऱ्याने इतके तरी केले की, आपण काम केव्हा पुरे केले ते दगडात नोंदवून ठेवले. त्या किल्ल्याविषयी लिहिणाऱ्यांनी आपल्या लेखापुरते तेवढेच करावयाचे आहे.